इंगोले सिस्टर आणि माझी फुंकर

इंगोले सिस्टर गेल्याची बातमी मला शेलूबाजारच्या एका जीपवाल्यानं दिली. जॅक घसरून त्याचं बोट चेचलं होतं. मी पट्टी बांधून गाठ मारली, तो उठला, चपला पायात सरकवल्या आणि दारातून वळून म्हणाला, "तुमच्या इथल्या त्या जुन्या सिस्टर वारल्या म्हंते. आसेगावच्या. कावीळ झालती." एवढं बोलून तो निघून गेला. बाहेर पुढचा माणूस पाय धरून बसला होता. त्याला आत घ्यायचं सोडून मी किती वेळ हातात कात्री घेऊन उभा होतो, मला सांगता येणार नाही... शेवटी तोच म्हणाला, "भाऊ, येऊ का?"

मी सरकारी दवाखान्यात ड्रेसर आहे. जखमा धुवायच्या, औषध लावायचं, पट्ट्या बांधायच्या, हे माझं काम. इंगोले सिस्टर आमच्या वार्डाच्या प्रमुख होत्या आणि आठ वर्षं मी त्यांच्या हाताखाली होतो. आसेगावला त्यांच्या भावाच्या घरापुढे पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला तेव्हा मी गेलो. वंदना झाली, मग माणसं उठून बोलू लागली. त्यांचे भाऊ शाळेत मास्तर आहेत. ते माझ्याजवळ आले. "राऊतभाऊ, तुमी ताईसंग लय वर्सं काम केलं. दोन शब्द बोला." मी उभा राहिलो. समोर सगळं गाव बसलेलं. "सिस्टर फार शिस्तीच्या होत्या, फार चांगल्या होत्या," एवढं बोललो आणि खाली बसलो. लोकांना वाटलं, याचा गळा दाटून आला. गळा दाटला नव्हता. मला जे बोलायचं होतं त्याची मला भीती वाटली. त्याला आता पाच आठवडे झाले. तेव्हा राहिलेलं इथं लिहितो आहे.

त्या आमच्याकडे बदलून आल्या ते दुष्काळाच्या आधी दोनेक वर्षं. उंच, सडपातळ, चालणं झपाझपा. त्यांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि परत आल्यावर पोरीला शाळेत घातलं, असं त्या सांगायच्या. बापानं शिकवलं म्हणून त्या शिकल्या, आणि शिकल्या त्या अशा की डॉक्टरांचीही चूक काढायला मागंपुढं बघायच्या नाहीत. मला त्यांनी पहिल्याच दिवशी धरलं. त्याचं कारण माझी फुंकर.

टिंक्चर लावलं की माणूस कळवळतो. अशा वेळी मी खाली वाकायचो आणि जखमेवर हळू फुंकर घालायचो. कोणी शिकवलं नव्हतं. आपल्या आया लेकराच्या गुडघ्यावर घालतात तीच फुंकर. आग कमी व्हायची, पेशंट डोळे मिटून सैल पडायचा. हळूहळू तिचा बोलबाला झाला. "राऊतभाऊच्या फुंकरीनं अर्धी जखम भरते," असं कामरगावपर्यंत बोललं जायचं. काही बाया तर दुसऱ्या कोणाकडून पट्टीच करून घेत नसत. मला याचा केवढा गर्व होता! सिस्टरांनी ते पाहिलं आणि भर वार्डात म्हणाल्या, "राऊतभाऊ, ते जखम हाय, चूल नोहे. फुकू नका." सगळा वार्ड हसला. पोटाला टाके असलेला, हसू नये असा खाटेवरचा माणूससुद्धा पोट धरून हसला.

मला ते लागलं. इथं खरं लिहायचं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहितो की ते दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर एवढं लागलं नसतं. आसेगावच्या त्या वस्तीतली बाई मला, राऊताच्या पोराला, शिकवते... असं मनात येऊन गेलं. तोंडानं मी कधी बोललो नाही. सिस्टर समोर असल्या की फुंकर बंद ठेवायची आणि त्या वळल्या की घालायची, एवढंच मी केलं.

दुष्काळाच्या साली वार्डात ऑपरेशनच्या जखमा पिकू लागल्या. आधी एकाची, मग दुसऱ्याची, मग लागोपाठ. टाके लाल व्हायचे, चौथ्या-पाचव्या दिवशी पू. डॉक्टरांनी हत्यारं दुप्पट वेळ उकळायला लावली, चादरी उकळल्या, भिंतींना चुना मारला. तरी पू थांबेना. मग एक दिवस त्यांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं की हा जंतू चांगल्या धडधाकट माणसाच्या नाकात, घशात मुक्काम करून राहू शकतो. त्या माणसाला काही होत नाही. ना शिंक, ना ताप. पण तो बोलला, खोकला, नाकाला लावलेला हात त्यानं जखमेला लावला, की जंतू जखमेत. म्हणून सगळ्यांची नाकं आणि घसे तपासायचे. आमचा म्हातारा वार्डबॉय हात जोडून म्हणाला, "सायेब, माह्या नाकात तपकीर हाय. तिथं जंतू कायले मराले येईल?" डॉक्टरही हसले. कापूस गुंडाळलेली काडी नाकात फिरवून घ्यायला कोणी पुढं होईना, तेव्हा सिस्टर खुर्चीवर जाऊन बसल्या आणि मान मागं टाकली. "घ्या पहिले माह्यं." त्यांच्यानंतर आम्ही. काचेच्या नळ्या पेटीत भरून मीच एस.टी.नं जिल्ह्याच्या प्रयोगशाळेकडे पाठवल्या.

त्याच दिवसांत गिरिजाबाई आली. शेलूबाजारजवळच्या एका वाडीतली, मूल आडवं आलेलं. पोट उघडून बाळंतपण करावं लागलं. पोरगी झाली, धडधाकट. पण पाचव्या दिवशी गिरिजाबाईचे टाके पिकले. सासू खाटेशी बसलेली असायची. सिस्टरांनी आदल्या दिवशी गिरिजाबाईची कूस बदलली होती, तेवढं तिला पुरलं. "त्या बाईनं हात लावला तवापासून पू आला," असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली. कोणती बाई, आणि तिचाच हात कसा, हे कोणी विचारलं नाही. ते सगळ्यांना माहीत होतं. दोन दिवसांत गिरिजाबाईचा दीर चार माणसं घेऊन डॉक्टरांकडे आला. "त्या सिस्टरले इथून हलवा, नाही तं आमी आमचा पेशंट हलवतो." पेशंट हलवला असता तर ती रस्त्यातच गेली असती. डॉक्टरांनी सिस्टरांना काही दिवसांसाठी इंजेक्शनच्या खोलीत बसवलं. त्या गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "राऊतभाऊ, गिरिजाबाईले सांभाळा."

मी सांभाळलं ते असं. त्याच आठवड्यात जिल्ह्याहून पाकीट आलं. डॉक्टर शिबिराला गेले होते आणि नळ्या मी पाठवल्या म्हणून ऑफिसातल्या बाबूनं पाकीट माझ्या हातात दिलं. मी ते उघडलं. नावांची यादी होती. इंगोले सिस्टरांच्या नावापुढं काही नव्हतं. तपकीरवाल्या म्हाताऱ्याच्या नावापुढंही काही नव्हतं. एकाच नावाखाली लाल पेन्सिलीची रेघ होती, नाक आणि घसा दोन्ही, आणि ते नाव माझं होतं.

मी तो कागद घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवला. डॉक्टर आले की देऊ, असं स्वतःला सांगितलं. डॉक्टर दुसऱ्याच दिवशी आले. मी दिला नाही. त्यांनी विचारलं, "आलं का काही जिल्ह्याहून?" मी म्हणालो, "अजून नाही." नोकरीची भीती होती हे खरं. पण त्याहून मोठी भीती ही होती की ज्या फुंकरीचं नाव तालुकाभर झालं, तीच फुंकर... आणि दोष तर आधीच दुसऱ्याच्या नावावर लागला होता. मला कोणावर आळ घ्यायचा नव्हता, कोणाकडे बोट दाखवायचं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. आठ दिवस मी गप्प राहिलो. सगळ्यांत वाईट हे की त्या आठ दिवसांत वार्डात मला अडवणारं कोणी नव्हतं, आणि गिरिजाबाई वेदनेनं ओरडली की मी सवयीनं वाकायचो. कळत असून वाकायचो. मनाला म्हणायचो, कागद चुकलाही असेल.

आठव्या दिवशी तिचा ताप इतका चढला की ती मला "बाबा" म्हणून हाक मारू लागली. "बाबा, फुका ना, आग होऊन राह्यली." मी खाली वाकलो आणि माझा श्वास छातीतच अडकला. तसाच सरळ झालो, पट्टी झाकली आणि इंजेक्शनच्या खोलीत जाऊन तो कागद सिस्टरांच्या टेबलावर ठेवला.

त्यांनी तो वाचला. परत वाचला.

"कवा आला हा?"

"मागच्या मंगळवारी."

त्यांनी कागदाची घडी करून हातात घेतली. मला वाटलं, आता बोलतील. बोलायला त्यांच्याजवळ काय कमी होतं? पण त्यांनी विचारलं ते वेगळंच. "आज गिरिजाबाईची पट्टी कोनं केली?"

"मी."

"फुकलं?"

"आज नाही. काल... काल फुकलं."

"चला," म्हणून त्या उठल्या. मला घेऊन सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेल्या. डॉक्टर खूप चिडले. ते म्हणाले, आत्ताच्या आत्ता त्या दिराला बोलावतो, सासूला बोलावतो, आणि सगळ्यांसमोर सांगतो की दोष कोणाचा होता. सिस्टर म्हणाल्या, "सायेब, आधी त्या बाईचा ताप उतरवू. आन नाव सांगू नका." डॉक्टरांना ते पटेना. तेव्हा त्या जे बोलल्या ते मला शब्दन् शब्द आठवतं. "आज याइचं नाव सांगतलं, तं उद्यापासून कोनीच नाक तपासू देनार नाही. जो तो लपवनार. मंग जंतू सापडाचा कसा? आन लोकाइनं बोट दाखवलं का माणसाचं काय होते, ते मले इचारा."

जखम पुन्हा उघडून साफ केली, औषध बदललं, डॉक्टरांनी दिराला दटावलं, आणि गिरिजाबाईची पट्टी सिस्टर स्वतः करू लागल्या. सासूनं तोंड फिरवलं, तरी केली. ताप उतरायला बरेच दिवस लागले, पण उतरला. दीड महिन्यानं गिरिजाबाई पोरीला कडेवर घेऊन आपल्या पायांनी घरी गेली. जाताना सासू माझ्या पाया पडली. माझ्या! सिस्टर तिथंच औषधाच्या कपाटाशी उभ्या होत्या.

मला वार्डातून बाहेर ठेवलं होतं. दिवसातून दोनदा नाकात मलम लावायचं, आणि ते लावलं की नाही हे सिस्टर शाळामास्तरणीसारखं तपासायच्या. "पाहू द्या. हे काय, दाराशीच लावलं? आतमंदी लावा. जंतू काय ओसरीवर बसते?" एवढ्या अपराधातही मला हसू यायचं. कधी वाटायचं, त्यांनी एकदा मला कडकडून शिव्या द्याव्यात. त्या देत नव्हत्या. एकदा मीच विषय काढला, "सिस्टर, ते आठ दिवस..." त्या म्हणाल्या, "राऊतभाऊ, जंतू नाकात असनं हा गुन्हा नाही. बाकीचं तुमाले माहीत हाय." एवढंच. दोनदा तपासणी स्वच्छ आली आणि त्यांनी मला वार्डात परत घेतलं. येताना मांजरपाटाच्या चार घड्यांचा, स्वतः शिवलेला रुमाल माझ्या हातात दिला. नाकातोंडावर बांधायचा.

तेव्हापासून आमच्याकडे पट्टी होईपर्यंत कोणी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम झाला. पेशंटनं नाही, नातेवाइकानं नाही, डॉक्टरांनीसुद्धा नाही. बोलण्यातून जंतू उडतात हे गावाकडच्या माणसाला किती वेळा समजावणार? लोकांनी आपापला अर्थ लावला. राऊतभाऊ आता फुकत नाही, तोंड बांधून मनात मंतर म्हणतो, म्हणून गप्प राहावं लागतं! म्हाताऱ्या बाया पट्टी होईपर्यंत हात जोडून बसायच्या. मी हे सिस्टरांना सांगितलं तेव्हा त्या इतक्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. "बसू द्या. गप्प बसून राह्यल्या ना? तेच पाह्यजे." त्या वर्षी पू येणं हळूहळू थांबलं. पुढं डॉक्टर बदलून गेले, पण दर थोड्या महिन्यांनी सगळ्यांची तपासणी करायची पद्धत सिस्टरांनी मोडू दिली नाही. आणि पहिली काडी नेहमी त्यांच्या नाकात.

अशाच एका तपासणीत, दोनतीन वर्षांनी, लाल रेघ त्यांच्या नावाखाली आली. कागद आला तेव्हा त्या वार्डात होत्या. वाचला, आणि तिथंच सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "ऐका वो. या टायमाले जंतू माह्या नाकात हाये. मी बरी होईपर्यंत वार्डात येनार नाही. राऊतभाऊ, वार्ड तुमाले सोपवून राह्यली." जसं कोणी म्हणतं, माझी एस.टी. चुकली. मला आठ दिवस लागले आणि तरीही जे जमलं नाही, ते त्यांनी उभ्या उभ्या केलं. मागच्या खाटेजवळ कोणीतरी कुजबुजलं, "पाह्यलं? त्या टायमालेही हिचंच व्हतं." ते मी ऐकलं. सिस्टरांनीही ऐकलं असणार. त्या क्षणी मी एक वाक्य बोललो असतो तर सगळं मिटलं असतं. माझ्या तोंडावर रुमाल होता, आणि मी त्या रुमालामागं लपलो.

पुढं त्यांची बदली झाली. अधूनमधून भेट व्हायची, "नाक कसं हाय?" असं विचारायच्या, हसायच्या. मला नेहमी वाटायचं, पुढच्या भेटीत बोलू...

मागच्या आठवड्यात मी शेलूबाजारच्या बाजारात गेलो. गिरिजाबाई तिथं मिरच्या आणि लसूण घेऊन बसते, हे मला माहीत होतं. तिनं लगेच ओळखलं. "अरे! फुकनारे भाऊ ना तुमी?" मी तिच्या पोत्यासमोर उकिडवा बसलो आणि सगळं सांगितलं. कागद, खिसा, आठ दिवस. तिच्या हातातला तराजू खाली आला.

"मंग सिस्टरच्या नाकात काहीच नव्हतं?"

"काही नव्हतं."

"आन तुमाले हे माहीत व्हतं. कवापासून?"

"तुम्ही खाटेवर होता तेव्हापासून."

एक बाई लसणाचा भाव विचारू लागली. "थांब माय जरा," गिरिजाबाई तिच्याकडे न बघता म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "सात वर्सं झाले, म्या गावभर सांगून राह्यली का त्या बाईच्या हातानं माह्या पोटात पू झाला. माह्या जावेले म्या तिच्यापायीच दवाखान्यात जाऊ देल्लं नाही. घरीच बाळंत झाली ते. दोन दिवस अडून व्हती. वाचली, नशीब तिचं. मेली असती तं? ते कोनाच्या माथी मारलं असतं, सांगा ना! आन आता सांगून राह्यले, ते बाई मेल्यावर? जिती व्हती तवा जीभ कुठी गेलती तुमची?"

आजूबाजूच्या बाया थांबून ऐकत होत्या. मला वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. जावेचं ते बाळंतपण मला आजवर माहीतच नव्हतं, आणि आता तेही माझ्याबरोबर राहणार आहे. गिरिजाबाईनं पोत्याचं तोंड बांधलं. "ज्याइले ज्याइले म्या सांगतलं, त्याइले आता म्याच सांगन. ते माह्यं काम. तिची माय हाय का जिती?"

"आहे. आसेगावला."

"मंग इतं काहून बसले? उठा."

दुपारच्या जीपनं आम्ही आसेगावला गेलो. सिस्टरांची आई ओसरीवर बाजेवर बसली होती. मास्तर शाळेत होते, घरात त्यांची बायको होती. गिरिजाबाई म्हातारीच्या पायांशी बसली. "माय, मी गिरजा. तुमच्या पोरीले म्या लय बोल लावला. खोटा बोल लावला." आणि तिनं सगळं सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं. मग डोळे बारीक करून माझ्याकडे बघितलं.

"तुमी राऊतभाऊ व्हय? तिनं सांगतलं व्हतं मले. म्हने, आमच्या दवाखान्यात एक माणूस हाय, त्याचं नाव कागदावर आलं, तं त्यानं स्वतःच तो कागद आणून देल्ला. असं करनारा माणूस भेटत नाही, म्हने."

एवढी वर्षं त्यांनी मला असं सांभाळून ठेवलं होतं. क्षणभर वाटलं, आपणही गप्प बसावं, तेवढंच राहू द्यावं या म्हातारीपाशी. मग म्हणालो, "आई, लगेच नाही दिला. आठ दिवस खिशात ठेवला. त्या आठ दिवसांत त्यांना वार्डातून काढलेलं होतं, आणि मी काही बोललो नाही."

"आठ दिवस?"

"हो."

"हे नाही सांगतलं तिनं." कोंबडी पिलं घेऊन ओसरीवर चढली, तिला कोणी हाकललं नाही. "मंग ते तुमीच सांगाचं बाकी व्हतं," म्हातारी म्हणाली. "सांगतलं." आणि आत वळून सुनेला म्हणाली, "चहा मांड वो."

आम्ही बसणार, तेवढ्यात तिनं हात वर केला. "थांबा. पहिले हात धुवा. हा पोरीचा कायदा हाय. ते गेली, पन कायदा चालू हाय. पाव्हना असो का सायेब, इतं हात धुतल्याबिगर चहा भेटत नाही." दाराशी रांजण होता आणि कट्ट्यावर करवंटीत लाल साबणाची झिजलेली वडी. गिरिजाबाई आधी गेली. तिनं पदर खोचला आणि हात धुवायला लागली, दोन्ही बाजूंनी, बोटांच्या बेचक्यांतून, नखांपाशी, वर कोपरापर्यंत. खाटेवर पडल्या पडल्या सात वर्षांपूर्वी तिनं ते कोणाला करताना बघितलं असेल, ते मला ठाऊक होतं. अंगणभर दवाखान्याचा वास पसरला. सून दोनदा डोकावून गेली, तरी तिचं धुणं संपेना. मग तिनं हात झटकले आणि साबण माझ्यापुढं धरला.

"घ्या भाऊ. कोपरापर्यंत धुवा."

मी बाह्या वर केल्या.